वीस केबीतला अंगठा

३ ऑगस्ट, सोमवार

डिस्क भरली! सकाळी दात घासतानाच फोनवर निरोप आला — ‘जागा शिल्लक नाही’. तोंडात फेस, हातात फोन, आणि पॅसेजमधल्या कपाटावर ठेवलेला आमचा जुना कॉम्प्युटर नुसता धापा टाकतोय.

हे फोरमवरच्या बादलीबाईंचंच काम, माझी खात्री होती. तपासलं तर खरंच! आपला नळ किती गळतो ते दाखवायला बाईंनी खाली बादली ठेवली आणि ती काठोकाठ भरेपर्यंतचा व्हिडिओ टाकला. अख्खी बादली! शेवटी स्वतः पुढे येऊन बादलीला टिचकी मारून दाखवलीय — भरली म्हणून. खाली अण्णांचं उत्तर एवढंच: ‘वॉशर बदला.’ त्यांना पहिल्या थेंबालाच कळलं असणार.

पण चूक माझीच. ‘टपटप’ सुरू केलं तेव्हा वाटलंच नव्हतं की इतक्या लोकांचे नळ गळत असतील. अण्णा जन्मभर प्लंबर. गुडघ्यांनी दगा दिला, सिंकखाली शिरणं बंद झालं, आणि माझे हे वडील घरात बसून आमच्या डोक्यावर मिरे वाटायला लागले. म्हणून त्या जुन्या कॉम्प्युटरवर काढलं हे फोरम. लोकांनी गळक्या नळाचा फोटो टाकायचा, अण्णांनी खुर्चीत बसून निदान करायचं. नाव त्यांनी स्वतःच घेतलं — नळराज. मी म्हटलं, साधं ‘अण्णा’ ठेवा. तर म्हणाले, ‘अण्णा काय, कुणीही असतो.’

तेव्हापासून घरात शांतता आहे. ती टिकवायची तर फोरम टिकलं पाहिजे, आणि फोरम टिकायचं तर फाइलींना मर्यादा घातलीच पाहिजे. उद्याच घालते.

नवऱ्याला सांगितलं. तो बेकरीत केकवर नावं लिहितो, त्यामुळे जागेचा विषय निघाला की त्याला मत असतंच. म्हणाला, ‘नाव लांबलचक असलं की मी अक्षरं बारीक करतो. मग लोक विचारतात, वाढदिवस कुणाचा आहे?’ याचा इथे काय संबंध!

४ ऑगस्ट, मंगळवार

घातली मर्यादा. फोटो — अर्धा एमबी. व्हिडिओ — दोन एमबी. त्याहून मोठं काही आलं की मशीन दारातूनच परत पाठवणार. निरोपही मीच लिहिला: ‘फाइल मोठी आहे.’ सुटसुटीत! चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी, नेमकेपणा अंगात मुरलाय.

अण्णा म्हणाले, ‘किती मोठी चालते ते लिही की. आणि आधी लिही. माणूस पाइप कापून बसला, मग त्याला लांबी सांगून काय उपयोग?’

मी म्हटलं, अण्णा, हे पाइप नाहीत.

५ ऑगस्ट, बुधवार

कुठून झक मारली आणि हे डोक्यात घेतलं!

एकाने विचारलं, ‘फाइल मोठी आहे म्हणजे किती मोठी?’ मी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना घाईघाईत उत्तर दिलं — ‘खूप.’ त्यावर सव्वीस जणांनी हसऱ्या तोंडाची चित्रं टाकलीत.

दुसरा लिहितो, ‘ताई, जवळून काढला तर मोठा म्हणतंय, म्हणून दाराबाहेर उभा राहून काढला. तरी मोठाच. आता जिन्यातून काढू का?’ काढलाही! कसाबसा वर चढवलाय. फोटोत नळ नाहीच. जिन्यातला शेजारी आहे, तोही वैतागलेला.

तिसऱ्याने तर कहर केला. त्याच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या नळाचा फोटो गेला नाही, म्हणून त्याने मोरीतल्या छोट्या नळाचा पाठवला. अण्णांनी विचारलं, ‘हा गळतोय का?’ तर म्हणे, ‘नाही हो, हा चांगला आहे. पण लहान आहे ना!’

आणि हेडमास्तर — खरेच हेडमास्तर होते, आता निवृत्त. त्यांनी एका फोटोचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळा टाकला, वर ‘क्रमाने जोडून घ्यावे’ अशी सूचना. अण्णा दुपारभर ते जोडत बसले होते. जोडून झाल्यावर एक तुकडा कमी निघाला, आणि गळती नेमकी त्यात!

बादलीबाईंनी बादलीऐवजी कप ठेवून पाहिला. तोही मावला नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

बादलीबाईंनी चमचा ठेवलाय.

७ ऑगस्ट, शुक्रवार

तोडगा सापडला! परत पाठवायचंच नाही कुणाला. फोटो कितीही मोठा येऊ दे, मशीनच त्याला दाबून बारीक करेल आणि आत घेईल. व्हिडिओ लांबला तर शेपूट छाटून घेईल. लोकांना कळणारही नाही. न भांडण, न जिने!

एकदा हे जमल्यावर माझा हात जरा सुटला. अर्धा एमबी म्हणजे पाचशे केबी. पाचशे कशाला? शंभर केले. जागा भराभर मोकळी व्हायला लागली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की जुने फोटोही दाबायला लावले आणि शंभराचे पन्नास केले. कपाट आवरताना कसं एक खण आवरला की दुसरा आवरावासा वाटतो, तसं झालं.

नवरा म्हणाला, ‘बास कर आता.’ त्याला काय कळतंय.

८ ऑगस्ट, शनिवार

पॅसेजच्या छतावर डाग पडलाय. बरोबर कपाटाच्या वर. अण्णांनी मान वर करून पाहिलं, डोळे बारीक केले, हवेत नाक खुपसल्यासारखं केलं आणि जाहीर केलं — ‘वरच्यांच्या बेसिनखालचा सांधा सुटलाय. आठ दिवसांत पाणी खाली.’

वरच्या वहिनींना विचारून आले. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे, हवं तर येऊन पाय ठेवून बघा.’ पाय ठेवून पाहिला. कोरडं ठणठणीत.

अण्णा म्हणाले, ‘पाय काय ठेवतेस, हात घाल बेसिनमागे!’ आता लोकांच्या बेसिनमागे कुठे हात घालत फिरू?

‘कॉम्प्युटर तरी हलव तिथून,’ म्हणाले. पण प्लगजवळची जागा तेवढीच आहे, वायर पुरत नाही. बघू.

९ ऑगस्ट, रविवार

वीस केबी!! डिस्क अर्ध्याहून जास्त मोकळी. कॉम्प्युटर आता आवाजसुद्धा करत नाही.

काही कुरकुरे म्हणतायत की फोटो धूसर दिसतात. त्यांना सगळ्यांना एकच उत्तर दिलं — ‘डोळे तपासून घ्या. लोक टाळाटाळ करतात आणि मग उशीर होतो.’ माझ्या धंद्यातला सल्ला, तोही फुकट!

१० ऑगस्ट, सोमवार

अरे देवा. अण्णांची फजिती झाली.

कुणीतरी नळाचा फोटो टाकला होता. अण्णांनी तो जवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. मग ठासून लिहिलं — ‘नळाचं तोंड गंजून फुगलंय. पॉलिश गेलंय. आटे झिजलेत. पूर्ण काढून फेकून द्या.’

समोरून उत्तर आलं, ‘तो माझ्या सासऱ्यांचा अंगठा आहे. नळ शेजारी आहे.’

फोरमवर जो काही हशा पिकला! हेडमास्तरांनी लिहिलं, ‘सासऱ्यांना वॉशर लागेल का?’ मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग मागे वळून पाहिलं तर अण्णा कानांपर्यंत लाल. जेवले नाहीत नीट. म्हणाले, ‘चष्मा जुना झालाय माझा.’

एवढंच ना! चष्मा तर आपल्या घरचा.

११ ऑगस्ट, मंगळवार

अण्णांना दुकानात नेलं. नंबर बदललेला नाही म्हटलं तरी चालेल, अगदी किंचित फरक. तरी नवा चष्मा करून दिला, काळी जाड फ्रेम. मालकीणबाई म्हणाल्या, ‘दहा वर्षांनी लहान दिसताय.’ अण्णा खूश! घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचली. एका दुकानाबाहेर नळ होता, त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, ‘हा पुढच्या महिन्यात जाणार.’ दुकानदाराने मान वर करून पाहिलं. आम्ही पळालो.

१२ ऑगस्ट, बुधवार

नव्या चष्म्याने पुन्हा घात!

एका बाईंनी नळाचा व्हिडिओ टाकला होता. माझ्या मशीनने त्याची शेपटी छाटून घेतलेली. अण्णांनी तो परत परत लावला, कान स्क्रीनला टेकवून ऐकला. एकही थेंब नाही. लिहिलं, ‘नळ गळत नाहीये. उगाच घाबरताय. निवांत झोपा.’

बाईंचं उत्तर — ‘माझं खालचं कपाट तरंगतंय.’

कुणी हसलं नाही या वेळी. कुणीतरी फक्त लिहिलं, ‘नळराज आता थकले.’ अण्णांनी ते वाचलं. मी फोन लपवायच्या आत वाचलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा दुकानात. आज मी सगळं तपासलं — नंबर, पडदा, दाब, एकेक डोळा वेगळा. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ अण्णांनी घडाघडा वाचली. मग त्याच्याही खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढं, ते वाचलं. ते आजवर कुणी वाचलेलं नाही. मला माहीतच नव्हतं तिथे नाव आहे! मालकीणबाई म्हणाल्या, ‘यांनाच बसवा इथे तपासायला.’

मला केवढा आनंद झाला. अण्णांचं तोंड मात्र उतरलं. तरी तिसरा चष्मा केला, वाटलं काच बदलून बघू.

 घराच्या दारात चपला काढता काढता अण्णा म्हणाले, ‘डोळे चांगले आहेत म्हणतेस. कानही चांगले आहेत. आणि तरी मला अंगठा आणि नळ कळत नाही. म्हणजे मग डोकंच गेलं ना पोरी?’

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलताय.  आत जाऊन उगाच नळ सोडून हात धूत बसले. रडू आलं मला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णांनी आज फोरम उघडलं नाही.

अवजारांची पेटी खाली काढली, पुसली. पाने, पकडी, ती लांब दांड्याची कात्री — एकेक वस्तू फडक्याने पुसून जागेवर ठेवली. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला. ‘रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. कुणाच्यातरी उपयोगी पडेल.’ या पेटीला ते मला हात लावू द्यायचे नाहीत! एकदा मी त्यातल्या पकडीने अक्रोड फोडला होता तर दोन दिवस बोलले नव्हते.

मी म्हटलं, राहू दे की अण्णा, जागा थोडीच अडतेय. तर म्हणाले, ‘तुला जागा मोकळी लागते ना.’ मनात काही नसेल त्यांच्या. मला मात्र लागलं.

छतावरचा डाग वाढलाय. अण्णांना विचारलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. ‘मला काय विचारतेस. फोरमवर विचार.’

१५ ऑगस्ट, शनिवार

विचारलं फोरमवर! डागाचा फोटो टाकला — ‘हे कशामुळे असेल?’

पहिलं उत्तर: ‘हे काका कोण?’

दुसरं: ‘ओळखीचे वाटतात. बँकेत होते का?’

हेडमास्तर: ‘पाव जास्त भाजला गेला आहे.’

मला राग आला. काय मूर्ख लोक! स्वच्छ डाग दिसतोय. मग मी फोरमवरचा तो फोटो नीट पाहिला — आणि मलाही काकाच दिसले. मिशा होत्या त्यांना.

पहिला विचार काय आला असेल मला? ‘नंबर वाढला वाटतं.’ खरंच! दुकानात जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेतले. मालकीणबाईंनी तपासले आणि म्हणाल्या, ‘तुला झालंय काय? आधी वडील, आता तू. घरात सगळ्यांना एकदमच कसं दिसेनासं झालं?’ मग म्हणाल्या, ‘काय दिसत नाहीये ते तरी दाखव.’

मी त्यांना फोरमवरचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, ‘कोण हे गृहस्थ?’ मी म्हटलं, डाग आहे, थांबा, माझ्या फोनमध्ये मूळ फोटो आहे. तो काढला. त्यात रंगाचा पोपडा न् पोपडा दिसत होता. ओल कुठून कुठे गेलीय तीसुद्धा दिसत होती, रेघ काढल्यासारखी.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून मी काउंटरवर बसले. मठ्ठ! शुद्ध मठ्ठ! माणसाला दोन-दोन नवे चष्मे घातले आणि फोटो काय दिसतोय ते एकदाही पाहिलं नाही. अण्णांचे डोळे बरोबर, कान बरोबर, डोकं बरोबर. मी त्यांना वीस केबीचा चिखल दाखवत होते आणि थेंब पडायच्या आत व्हिडिओ कापत होते. वर लोकांना सांगत होते, डोळे तपासा!

धावत घरी आले. अण्णांना सगळं सांगितलं. अंगठावाल्याकडून आणि कपाटवाल्या बाईंकडून मूळ फाइली फोनवर मागवल्या, त्या दाखवल्या. अण्णांनी शांतपणे पाहिल्या. हो, हा अंगठा. हो, इथे थेंब पडतोय, आतलं सील गेलंय.

मी म्हटलं, बघा! कळतंय ना सगळं!

तर हसले. कसंनुसं. ‘उत्तरं आता सगळ्यांनाच माहीत आहेत, पोरी. माहीत असलेलं ओळखायला काय लागतं? माझं मन राखायला करतेस, कळतं मला.’

मी शपथा घेतल्या. नवऱ्यालाही मध्ये घेतलं. तो म्हणाला, ‘अण्णा, खरं सांगतेय ती. तिने अक्षरं इतकी बारीक केली की केकवर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येईना.’ आत्ता कळला मला त्याचा केक! अण्णा म्हणाले, ‘तूही तिचीच बाजू घेणार.’ आणि झोपायला गेले.

मर्यादा बदलली. फोटो — पाच एमबी, नळाचा आटा दिसेल इतकी. व्हिडिओ — दहा थेंब पडतील इतका. आणि फाइल निवडायच्या आधीच वर ठळक लिहिलंय, किती चालेल, आणि जास्त झालं तर काय करायचं. अण्णांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. दाबलेले जुने फोटो मात्र परत येणार नाहीत.

डाग आता ताटाएवढा झालाय. उद्या लांब वायर आणून कॉम्प्युटर हलवते. आणि हार्डवेअरवाला यायच्या आत काहीतरी करून पेटी लपवते. काय करू, कसं पटवू यांना?

१६ ऑगस्ट, रविवार

पान ओलं आहे, पेन नीट चालत नाही.

हार्डवेअरवाला पेटी उचलून दारात होता आणि छत कोसळलं. म्हणजे छताचा तो तेवढा गोल, आणि त्यामागून पाणी. सगळं कॉम्प्युटरवर. डिस्क गेली, फोरम गेलं, सगळे नळ, बादली, अंगठा, काका. आता जागाच जागा!

अण्णा डोक्यापासून पावलांपर्यंत भिजून पॅसेजच्या मधोमध उभे, आणि ओरडतायत — ‘आठ दिवसांत! म्हटलं होतं का नाही मी? बेसिनखालचा सांधा!’ मग हार्डवेअरवाल्याच्या हातातून पेटी हिसकावली आणि जिना चढून गेले. पळत! मी मागे.

आत्ता ते वरच्या वहिनींच्या बेसिनखाली आहेत, कमरेपर्यंत आत. फक्त पाय दिसतायत. गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. वहिनी चहा ठेवतायत आणि परत परत म्हणतायत, पण कोरडं होतं हो. आतून आवाज आला — ‘पोरी, फोन आहे ना? हा सांधा बघ कसा गेलाय. फोटो काढ. मोठा काढ.’